मोशीतली चाळीस मिनिटं

मोशी हे टांझानियातलं गाव, किलिमांजारोच्या पायथ्याशी. तिथल्या एका गाईडचं काम माझ्यामुळे गेलं. हे मी बायको सोडून कोणाला सांगितलेलं नाही, आणि तिलाही सांगितलं ते तिनं विचारलं म्हणून.

ओबोनच्या, म्हणजे जपानातल्या ऑगस्टमधल्या सुट्टीत टोकियोजवळच्या इचिकावातली आपली सगळी मराठी मंडळी भारतात पळतात. आम्ही दोघांनी गेल्या वर्षी ठरवलं, किलिमांजारो बघायचा. चढायचा नाही, नुसता बघायचा. माझे गुडघे आणि उत्साह दोन्ही बेताचे. टोकियोतल्या एका एजन्सीनं बुकिंग करून दिलं. मोशीत दोन दिवसांसाठी जो गाईड मिळाला तो चाळिशीचा, बोलका, नीटनेटक्या इस्त्रीच्या शर्टातला. बायकोला तो पहिल्यापासून ‘ममा’ म्हणायचा, मानानं.

पहिल्या दिवशी डोंगरउतारावरच्या एका गावात जेवायला बसलो. बायको मांस-अंडं खात नाही, हे फॉर्मवर लिहिलेलं होतं. समोर राजम्याची उसळ आली. ती घास घेणार तेवढ्यात वाढणाऱ्या बाई कौतुकानं म्हणाल्या, यात हाडांचं पाणी घातलंय. बायकोनं ताट हळूच सरकवलं आणि दोन केळी खाल्ली, वर “खूप छान आहेत” असंही म्हणाली. गाईडचा चेहरा पडला. मी म्हटलं, जाऊ दे, एक दिवस उपास.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला निघायचं होतं. डोंगर सकाळीच दिसतो, नंतर ढग चढतात, हे त्यानंच सांगितलेलं. पावणेसात झाले, सात झाले, याचा पत्ता नाही. मी हॉटेलच्या दारात येरझाऱ्या घालतोय. नऊ वर्षं जपानमध्ये काढली की ट्रेन दोन मिनिटं उशिरा आली तरी कपाळाला आठ्या पडतात. सात वाजून दहा मिनिटांनी तो धापा टाकत आला. हातात कापडात बांधलेला डबा. त्याच्या बायकोनं पहाटे उठून कच्ची केळी आणि राजमा नारळाच्या दुधात शिजवला होता. “शेजारणीनं नवीन भांडं आणलंय, ते मागून घेतलं. त्यात मांस कधी शिजलेलं नाही,” तो म्हणाला. “काल ममा उपाशी राहिल्या.”

बायकोचे डोळे भरून आले. मी घड्याळ बघत होतो. आम्ही वर पोचेपर्यंत डोंगर ढगात गेला तो गेलाच. मी दिवसभर तोंड पाडून हिंडलो. डबा मात्र चाटूनपुसून खाल्ला, बायकोपेक्षा जास्त मीच.

इचिकावाला परत आल्यावर एजन्सीचा अभिप्रायाचा फॉर्म आला. सकाळी ऑफिसला जाताना, ट्रेनच्या गर्दीत एका हातानं कडी धरून, दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं मी तो भरला. बिघाडाचे अहवाल लिहिणं हे माझं ऑफिसातलं कामच: काय बिघडलं, किती वाजता, किती वेळ, कशामुळे. अंगठा सवयीनं चालला. दुसरा दिवस, गाईड चाळीस मिनिटं उशिरा. परिणाम: डोंगर दिसला नाही. पुढे कारणाचा रकाना. आता हाडांचं पाणी, शेजारीण, नवीन भांडं, हे सगळं जपानीत कुठे लिहीत बसू? स्टेशन आलंच होतं. मी लिहिलं, ‘माहीत नाही.’

चक्क खोटं लिहिलं. कारण मला पक्कं माहीत होतं, मी ते खाल्लं होतं.

चार दिवसांनी एजन्सीचा मेल आला. माफी इतकी अदबशीर की मलाच ओशाळल्यासारखं झालं. शेवटी, असं पुन्हा घडू नये म्हणून केलेली उपाययोजना: संबंधित गाईडला आमच्या पाहुण्यांच्या कामावरून कमी करण्यात आलं आहे. असली वाक्यं मी रोज लिहितो. सर्व्हरबद्दल.

“कोणाचा मेल रे? तोंड का असं झालंय?” बायकोनं विचारलं. मी फोन तिच्या हातात दिला.

“तू डब्याचं लिहिलं नाहीस?”

“जागा नव्हती.”

“जागा नव्हती,” ती म्हणाली, आणि दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलली. त्यापेक्षा भांडली असती तर बरं झालं असतं.

मग मी एजन्सीला सगळं सविस्तर लिहिलं, डब्यासकट. उत्तर आलं: माहितीबद्दल आभार, मात्र पाहुण्यांना घरचं अन्न देणं नियमात बसत नाही. आपल्याला पोटाचा काही त्रास झाला का? ही बाबही मोशीतल्या कंपनीला कळवायची का? मी कपाळावर हात मारला. वाचवायला गेलो आणि त्याला आणखी खड्ड्यात ढकलत होतो. ‘कृपया कळवू नका,’ एवढं लिहिलं आणि गप्प बसलो. लाज वाटत होती, पण गप्प बसणं जमलं मला.

मागच्या आठवड्यात त्या गाईडचा मेसेज आला. निघताना बायकोनं त्याला माझा नंबर दिला होता. ‘माझं काम बंद आहे. जपानहून तक्रार आली म्हणतात, कोणाची ते सांगत नाहीत. माझ्याबद्दल दोन चांगले शब्द लिहून द्याल का? दुसऱ्या कंपनीत दाखवेन.’

मी पानभर लिहिलं. प्रामाणिक, काळजी घेणारा, पाहुण्यांना घरच्यासारखं वागवणारा. डब्याचं पुन्हा लिहिलं नाही, आणि या वेळी ते त्याच्याच भल्यासाठी होतं.

दहा मिनिटांत त्याचं उत्तर आलं. ‘आभारी आहे. मी साहेबांना तेव्हाच सांगितलं, हे दुसरं कोणीतरी असणार. ते दोघं असं करणार नाहीत, त्यांनी माझ्या घरचं खाल्लंय.’

बायकोनं ते वाचलं. “आता तरी सांग त्याला,” म्हणाली.

मी लिहिलं, ‘बेस्ट ऑफ लक.’