आबांचा करदोडा

आज चाळीसगावला धाकट्या भावासोबत सोनाराकडे गेले होते. आमच्या आजोबांचा, आबांचा, इंग्रजांच्या काळातला चांदीचा करदोडा त्याच्या कमरेला पुरेना. कड्या वाढवायच्या होत्या.

मी गावात नर्स आहे. सकाळीच त्याचं बीपी तपासलं, फार वाढलंय. डोकं दुखत नाही म्हणून गोळ्या त्यानं कधीच सोडल्यात.

दुकानात पुन्हा विषय काढला, तर पोटावर हात फिरवत म्हणाला, "ताई, आबानं पोट खपाटीले जायेल व्हतं. हाई सुखनं पोट शे." आबांचं पोट उपासानं खपाटीला गेलेलं, त्याचं म्हणे सुखाचं.

सोनारानं उरलेल्या कड्या पुडीत बांधून दिल्या. "पुढच्या वेळी लागतील."

भावानं ती पुडी माझ्याच पर्समध्ये ठेवली, मी त्याच्यासाठी आणलेल्या गोळ्यांशेजारी.

सुखावर औषध घे, असं माणसाला कसं सांगायचं? तुम्हाला जमलंय का कधी? मी तर थकले.