फाटकातच फोडलेला नारळ

पोलिसातून निवृत्त झालो तरी ती कॅराव्हॅन डोळ्यांपुढून हलत नाही. आत पलंग, पडदे, स्वयंपाकघर, संडास, चाकांवरचे घरच. ताम्हिणीच्या वळणावर ती आडवी पडली होती आणि मागे झोपलेली गाडीमालकाची बायको जागीच गेली होती. चालक नांदे गावचा. "मागनं गाडी बसल्यावानी झाली साहेब, मग स्टिअरिंग ऐकंनाच," एवढेच तो सांगत होता. अपघातानंतर प्रत्येक चालक गाडीलाच दोष देतो. गाडीमालकाच्या फिर्यादीवरून निष्काळजीपणाचा गुन्हा दाखल करून आम्ही त्याला अटक केली.

मग भूगावहून एक रंगारी ठाण्यात आला. ती गाडी बांधणाऱ्या कारखान्यात तो कामाला होता. कारखानदार प्रत्येक नव्या गाडीत आधी घरची माणसे बसवून देवळापर्यंत फेरी मारायचा, तिथे नारळ फोडायचा, मगच किल्ली द्यायचा. "ह्या गाडीत न्हाई बसवली. फाटकातच नारळ फोडला," रंगारी म्हणाला. हा काही पुरावा नव्हे, पण मला चैन पडेना.

मोटार वाहन निरीक्षकांना बोलावून गाडी खालून तपासली. चॅसी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, कापून लांबवला होता. जोडाला आतून जाड पट्टीचा आधार हवा, तो नव्हता. नुसते वेल्डिंग, वर काळा रंग. तिथेच ती मोडली होती.

कारखानदार चौकशीत आधी रस्त्याला, मग चालकाला नावे ठेवत राहिला. वेल्डिंगचा विषय मी काढलाच नाही. बायकापोरांना का बसवले नाही, एवढेच विचारले. तेव्हा तो सगळे बोलला.

"गिऱ्हाईकानं भाव लई पाडला, साहेब. एसी पायजे, पलंग पायजे. वरचं कमी केलं तर दिसतंय. खाली कोण वाकतंय?"

मला त्याची किळस आली. त्याच्यावर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा लागला. चालक सुटला, पण त्याने पुन्हा गाडीला हात लावला नाही. तेव्हापासून माणूस काय सांगतो यापेक्षा स्वतःच्या लेकरांना कुठे बसवतो, ते मी आधी बघू लागलो.

पुरवणी जबाबाला गाडीमालक आला. सही करून झाल्यावर त्याने हळूच विचारले, "साहेब, ती पट्टी घालायला किती खर्च आला असता?"

निरीक्षकांनी मला आकडा सांगितला होता. त्याच्या बायकोने हौसेने निवडलेल्या पडद्यांच्या किमतीपेक्षा तो कमी होता. मी माहीत नाही म्हणालो.