घोळीच्या कानातला खडा

आमच्या घरात कोणी कोणाला हाक मारत नसे. नवापूरला किनाऱ्यालगत आमचं घर होतं आणि बाबांची स्वतःची इंजिनाची होडी होती. त्या इंजिनाची धडधड अशी, की शेजारच्या माणसाशी बोलायचं तरी घसा फोडावा लागे. म्हणून होडीवर सगळे हातांनीच बोलत. मूठ वळली की थांब, तळवा खाली दाबला की जाळं सोड, बोटं वळवळली की मासळी चांगली आहे. होडी परत येताना किनाऱ्यावरच्या बायका तेच हात वाचून टोपल्या काढत. वर्षानुवर्षं इंजिनापाशी बसून बाबांचे कान अर्धे गेले होते, त्यामुळे हे बोलणं घरातही आलं. जेवायला ये, पाणी आण, दार लाव, सगळं हातांनी. नवख्या माणसाला वाटे, या घरात जबरदस्त भांडण झालंय.

बाबांचा आवाज मोठा निघे तो एकाच वेळी. होडी रेतीवर ओढताना सगळ्यांचा जोर एकदम लागावा म्हणून ते लांबलचक "हैऽऽ हो" घालत, आणि त्या "हो"वर सगळे दोर ओढत. पोरंसोरंही दोराला लागत. माझी धाकटी बहीण दर वेळी जरा मागाहून ओढायची, बाकीच्यांना बघून. सगळे हसायचे. तीही हसायची.

हातांचं बोलणं वाचण्यात मात्र तिच्यासारखं कोणी नव्हतं. होडी अजून लांब असायची, आम्हाला धड माणसं ओळखू येत नसत, तेव्हा ही बाबांचा हात वाचून आईला बोटं वळवळून दाखवायची. "माज्या पोरीचे डोले घारीचे हायत," आई म्हणायची. तोंडाने बहीण फार कमी बोले, बोलली तरी शब्द अर्धेमुर्धे. लहानपणी तिचे कान वाहायचे. आई कोमट तेल घाली, कापसाचा बोळा लावी, काही दिवसांनी ते थांबे. गावात निम्म्या पोरांचे कान वाहत. त्याला दुखणं म्हणायची कोणाची रीत नव्हती.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. बोईसरला कारखान्यांची धुराडी उभी राहत होती, घाटावरची माणसं बिऱ्हाडं घेऊन येत होती, आणि का कोण जाणे, त्याच दिवसांत आमच्या गावात अभ्यास करणाऱ्यांचीही रीघ लागली. कोणी खाडीचा गाळ बाटलीत भरून नेई. कोणी म्हाताऱ्यांकडून लग्नाची गाणी उतरवून घेई. एकाने तर गावातल्या पुरुषांच्या डोक्यांचा घेर टेपने मोजला, आणि नंतर कित्येक दिवस गडीमाणसं एकमेकांची डोकी मोजून चेष्टा करत होती. आम्हाला वाटे, आपण फार मोठी माणसं असलो पाहिजे, नाहीतर मुंबईची माणसं इतकी पायपीट कशाला करतील.

त्यातले मासळीचे सर दर हिवाळ्यात यायचे. कुठल्याशा कॉलेजात शिकवायचे. त्यांना हव्या असत घोळ आणि ढोमा या माशांच्या मुंड्या. या माशांच्या डोक्यात, कानाच्या जागी, पांढरा टणक खडा असतो. तो कापून पाहिला की आत वलयं दिसतात, त्यावरून माशाचं वय कळतं. आणि माशाला ऐकू येतं तेही त्या खड्यामुळे, असं सरांनी मला समजावलं होतं. माशाला कान असतो, हेच तेव्हा मला नवीन होतं. सर आमच्या ओटीवर बसून मुंड्या फोडत आणि माझी बहीण त्यांच्यासमोर बसून खडे धुऊन फडक्यावर वाळत घाली. सर अखंड बोलत. समुद्राबद्दल, त्यांच्या लेकींबद्दल, कॉलेजातल्या भांडणांबद्दल. ती त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत मान हलवत राही.

"तुझ्या बहिणीसारखी श्रोती मला आजवर भेटली नाही," सर एकदा मला म्हणाले. "माझे विद्यार्थीसुद्धा इतकं मन लावून ऐकत नाहीत."

बाबांच्या कानात मी ते ओरडून सांगितलं, तेव्हा ते भलते खूश झाले. त्यांना स्वतःला सहीपुरतं येत होतं, पण आम्ही दोघींनी शिकावं याचं त्यांना वेड होतं. "मोठी मास्तरीन व्हईल," ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "आनि धाकटी सायबासारकी मासलीचा अभ्यास करंल." माझ्याबद्दल ते नुसतं म्हणत. तिच्याबद्दल म्हणताना त्यांचा चेहरा बदलायचा.

शाळेत पहिली दोन वर्षं तिचं बरं गेलं. बाई समोर उभ्या राहून मोठं तोंड करून शिकवत, आणि तिचं अक्षर तर माझ्यापेक्षा सुंदर होतं. तिसरीला गुरुजी आले. माणूस सज्जन, पण तोंडावर ही घनदाट मिशी, आणि शुद्धलेखन घालताना मुलांच्या पाठीमागे येरझाऱ्या घालायची सवय. हिची पाटी कोरी राहू लागली. गुरुजी विचारत, ही बघत राही. मग ते वैतागत, आणि ही रडे.

त्याच वर्षी एक तरुण बाई मुलांची बुद्धी मोजायला शाळेत आल्या. मानसशास्त्राच्या होत्या. बहीण बुजेल म्हणून गुरुजींनी मला सातवीच्या वर्गातून बोलावून तिच्याशेजारी बसवलं. बाई कागदात बघून प्रश्न वाचत होत्या, उत्तर आलं नाही की पुढच्या प्रश्नाला जात होत्या. मला मधे बोलायची बंदी होती. बहीण खाली वाकून त्यांचं तोंड दिसतंय का बघत होती, आणि मला वाटलं, ही खेळते आहे. शेवटी बाईंनी रंगीत ठोकळे काढले. चित्र समोर ठेवलं, तसं जुळवायचं. ते मात्र तिने असं झरझर जुळवलं की बाईंनी घड्याळाकडे दोनदा पाहिलं. "विचित्रच आहे," त्या गुरुजींना म्हणाल्या. मग त्यांनी ठोकळे पिशवीत भरले, कारण बाहेर अजून बरीच मुलं थांबली होती.

पुढे बऱ्याच दिवसांनी गुरुजी स्वतः घरी आले. चहा पुढ्यात तसाच ठेवून म्हणाले, "पोरीची बुद्धी मंद आहे असं आलंय. हे मी म्हणत नाही, शहरातून तपासून आलंय. तिला उगाच रडवण्यात काय अर्थ?" बाबांना पहिल्यांदा ऐकू आलं नाही. गुरुजींना तेच पुन्हा, ओरडून सांगावं लागलं. सगळ्या आळीने ऐकलं. जिच्याबद्दल होतं ती दारात उभी राहून एकदा गुरुजींकडे आणि एकदा बाबांकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी ती दप्तर घेऊन निघाली, तेव्हा बाबा जाळं तुणत ओटीवर बसले होते. त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि मूठ वळली. थांब. ती थांबली. तिने कारण विचारलं नाही, कारण होडीवर त्या खुणेचं कारण कोणी विचारत नसे. तिने दप्तर खुंटीला लावलं आणि आईच्या मागे बोंबील वाळत घालायला गेली. बाबा त्या दिवशी समुद्रावर गेले नाहीत. माझ्या आयुष्यात मी त्यांना रडताना पाहिलं ते तेवढंच.

मुली शाळा का सोडतात याचा अभ्यास करायला शिक्षण विषयातल्या एक पोक्त बाई आल्या, त्या यानंतर. आईला त्यांनी पुष्कळ विचारलं. आईने "मंद" हा शब्द काढला नाही. घरात काम असतं एवढंच म्हणाली. बाईंनी माझ्यासमोर लिहून घेतलं, घरकाम आणि धाकट्या भावंडांचा सांभाळ. शेंडेफळाला धाकटं भावंड कुठून आणायचं, ते मी विचारणार होते, पण आईने हातानेच मला गप्प केलं. बाई मनाने चांगल्या होत्या. शिक्षणाचं महत्त्व सांगून गेल्या, आणि आईने त्यांना सुके बोंबील बांधून दिले.

मी बोईसरच्या हायस्कुलात गेले, मग पालघरच्या कॉलेजात, आणि बाबा म्हणायचे तशी मास्तरीण झाले. बहीण वाढत गेली, देखणी झाली. स्थळं यायची आणि गावातून चौकशी करून परत जायची. गावात एकदा शब्द चिकटला की तो माणसाच्या आधी दारापर्यंत पोचतो. नव्वद उजाडून गेल्यावर बाबा छातीच्या दुखण्याने गेले. शेवटी त्यांच्या तोंडून शब्द फुटत नव्हता, आणि त्यांचे हात तिलाच तेवढे नीट कळत होते. पाणी, कूस, ऊन. आम्हाला ती सांगायची.

त्यानंतर मी नोकरी सांभाळून शिक्षकांचं पुढचं प्रशिक्षण घ्यायला लागले. तिथे विज्ञानाचा तास वेगळा, मानसशास्त्राचा वेगळा, शिक्षणशास्त्राचा वेगळा, आणि तीन तासांची तीन माणसं एकमेकांशी फारसं बोलत नसत. मानसशास्त्राच्या सरांनी एकदा सहज सांगितलं की मूल मागे पडत असेल तर आधी त्याचे डोळे आणि कान तपासा. मी ते माझ्या वर्गातल्या पोरांसाठी लिहून घेतलं. अभ्यासासाठी विषय निवडायचा होता, तो मी तोच निवडला, आणि पालघरच्या एका कानाच्या डॉक्टरांना गळ घालून माझ्या वर्गाची तपासणी ठरवली. पोरांना आवरायला मदत म्हणून बहिणीला सोबत नेलं.

दवाखान्यातल्या त्या लहानशा बंद खोलीला पोरं घाबरली. कानाला लावायचं ते यंत्र बघून एकीने भोकाड पसरलं. तेव्हा तपासणारा मुलगा हसून म्हणाला, "ही ताई बघा कशी बसते. आवाज आला की बोट वर करायचं, एवढंच." त्याने बहिणीला खुणेनेच बसवलं, तिच्या कानांवर यंत्र चढवलं आणि बटण फिरवू लागला. ती शहाण्यासारखी बसली होती, पोरांकडे बघून हसत होती. बोट काही वर होईना. त्याने बटण आणखी फिरवलं. मग त्याचं हसू गेलं आणि तो डॉक्टरांना बोलवायला उठला.

"लहानपणी कान वाहायचे का?" डॉक्टरांनी विचारलं. मी हो म्हटलं. "तेव्हा औषध झालं असतं तर कान बराचसा वाचला असता. निदान मशीन लावून शाळा तरी झाली असती. इतकी वर्षं कोणाच्याच लक्षात आलं नाही?"

माशाच्या कानात आयुष्य घालवलेल्या माणसाने तिला हिवाळेच्या हिवाळे समोर बसवलं होतं. बुद्धी मोजणाऱ्यांनी तिची बुद्धी मोजली होती, शाळा मोजणाऱ्यांनी तिची शाळा. त्यांच्यातलं कोणीही वाईट नव्हतं, आणि याचाच मला अजून संताप येतो, कारण वाईट असतं तर शिव्या तरी देता आल्या असत्या. प्रत्येकाने आपापला तुकडा नेला. मुलगी एकच होती.

घरी येऊन आईला सांगितलं. ती टोपलीतले बोंबील उलटेपालटे करत राहिली. "आमी तिला कदी हाक मारलीच नाय," ती म्हणाली. "हात केला का यायची. हाक मारली असती येकदा तरी, तर कललं असतं ना गं?" मग तिने पदर तोंडाला लावला. ती म्हणत होती ते खरं होतं. दुसऱ्या कुठल्याही घरात ते चार दिवसांत कळलं असतं.

बहिणीला मशीन मिळालं. त्याने आवाज येई, शब्द नीट लागत नसत. पहिल्या दिवशी तिने समुद्राचा आवाज ऐकला आणि घाबरून मशीन काढून ठेवलं. हळूहळू सवय झाली. कोंबड्या, भांडी, आईचा खोकला, एकेक आवाज ती बोट दाखवून ओळखून घ्यायची.

एका संध्याकाळी आम्ही दोघी रेतीवर बसलो होतो. दुसऱ्या कोणाची तरी होडी लागत होती, माणसं दोराला जमत होती. तिने माझ्याकडे वळून सुकाणू धरल्यासारखा हात केला. ही बाबांची खूण. मग आपल्या गळ्याला बोट लावलं आणि तळवा उघडला. बाबांचा आवाज कसा होता, असं ती विचारत होती.

घरात आवाजाला खूण नव्हती. मी उभी राहिले आणि जमेल तितकं जाडंभरडं करून, बाबा घालायचे तसं लांब "हैऽऽ हो" घातलं. दोरापाशी उभी असलेली माणसं वळून बघायला लागली. पुन्हा घातलं. तिने मशीन दाबून धरलं होतं, डोळे मिटले होते. मी तिसऱ्यांदा सुरुवात केली तेव्हा तिने डोळे उघडले आणि नाही म्हणून मान हलवली.

"हा तुजा," ती म्हणाली, आणि मूठ वळली.

मी थांबले.