शांती आधी शेडमध्ये

आमच्या घरी महिन्यातून एकदा मिस्सा होतो, आमची सामुदायिक प्रार्थना. गावात कॅथलिक घर एकच, आमचं. फादर मोटारसायकलवर येतात, पडवीतल्या टेबलावर पांढरी चादर टाकली की झालं आमचं देऊळ. शेजारच्या बायकाही येऊन बसतात. प्रार्थना कळो न कळो, नंतरचा चहा काही सोडत नाहीत.

त्या शनिवारी सकाळी कळलं, विहिरीवरच्या मोटारीची केबल कुणीतरी कापून नेली. टोमॅटो ऐन तोडणीला आणि पाणी बंद! आमचे मालक आधीच तापट. तोडणीसाठी मध्य प्रदेशातून आलेलं एक तरुण जोडपं आमच्या शेडमध्ये राहत होतं. तिला आठवा महिना. मालकांनी काही विचारलं नाही की पाहिलं नाही. डेअरीवर, दुधाच्या रांगेत, सगळ्यांदेखत त्या पोराच्या कानाखाली वाजवली. म्हणे, "परका माणूस, दुसरं कोण नेणार?"

दुपारी शेडमध्ये गेले तर दोघं भांडीकुंडी बांधत होती. उद्या सकाळच्या एसटीनं आळेफाटा, तिथून मिळेल त्या गाडीनं गावाकडं. "इतना पेट लेके किधर जायेगी?" मी माझ्या हिंदीत विचारलं. ती नुसती गाठ मारत राहिली. माझा जीव तुटला.

संध्याकाळी मिस्सा सुरू झाला. फादर पोटातल्या जिवावर बोलले. जीव गर्भातला असो की अंथरुणाला खिळलेला, तो देवाचा. त्याच्यावर आपला हक्क नाही. हे आलं की आमचे मालक लई जोरात मान हलवतात. त्या दिवशीही हलवली. असा संताप आला मला! तोच जीव आमच्या शेडमध्ये होता, आणि त्याच्या बापाला मारून हे इथं मान डोलावत होते.

मग फादर म्हणाले, एकमेकांना शांती द्या. त्या वेळी आम्ही शेजारच्याकडं वळून हात जोडतो. मालक माझ्याकडं वळले. मी हात पदराखालीच ठेवले.

"मला नको. आधी शेडमध्ये देऊन या."

"अगं, मिस्सा चाललाय!"

"म्हणूनच सांगते."

मला वाटलं, फादर आता मलाच झापणार. त्यांनी शांतपणे खुर्ची ओढली. "मी बसतो. या जाऊन."

मालक तणतणत उठले. मी मागोमाग. शेडच्या दारात त्यांनी हात जोडले, म्हणाले, "चुकलं माझं." पोरानं हात जोडले नाहीत. गाल अजून सुजलेला होता.

"मारा तो सबके सामने था, सेठ."

आता भडका उडणार, असं मला वाटलं. मालकांनी खिशातून गाडीची किल्ली काढली. "चल, बस." मीही त्यांच्यामागं बसले. विश्वास कुठं होता मला! डेअरीवर संध्याकाळचं दूध घालायला माणसं किटल्या घेऊन उभीच होती.

"ऐका रं," मालक म्हणाले. "केबल कुणी नेली, मला म्हाईत न्हाई. यानं नेली म्हणालो, ते मनानंच. हात उचलला, त्ये पाप केलं." मागनं कुणीतरी फिदीफिदी हसलं. मालकांनी सगळं पुन्हा सांगितलं, मोठ्यानं. मग त्या पोरापुढं हात जोडले. या वेळी पोरानंही जोडले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण या माणसाचा इतका अभिमान मला कधी वाटला नव्हता.

केबल आजपर्यंत सापडली नाही.

आम्ही परत आलो तेव्हा फादर तसेच बसलेले, बायकाही जागच्या हलल्या नव्हत्या. पोरगा शेडकडं गेला. मालक पुन्हा माझ्याकडं वळले, हात जोडून. "आता तरी?"

"थांबा जरा," मी म्हटलं.

शेडमध्ये दोघांची कुजबुज चालली होती. मग गाठोडं सोडून भांडी, तवा परत मांडल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं पीठ थापल्याचा. तेव्हा मी हात जोडले.