धबधबा भागवतलाच दिसला

भागवतबरोबर कुठंही जाऊन आलं की सांगण्यासारखं काहीतरी साठतंच. नेकनूरला माझं खताचं दुकान आहे. संध्याकाळी तिथं आम्ही तिघं बसतो: मी, सुदाम गुरुजी आणि भागवत. किस्सा कुठलाही असो, त्यात भलं होतं ते भागवतचंच. आता सौताड्याचंच घ्या.

*

त्यानं नवी गाडी घेतली. माझी सेकंडहँड गाडी आधीपासून दारात उभी होती, तिच्याकडं कधी कुणी वळूनही बघितलं नव्हतं. भागवतची गाडी आली तशी माझ्याच बायकोनं तिला ओवाळलं. वर मला म्हणाली, "शिटा लई मऊ हायत. बसून तर बघा."

*

श्रावणातल्या एका रविवारी त्याच गाडीतून सौताड्याचा धबधबा बघायला निघालो. मांजरसुंब्यापासून पावसानं झोडपायला सुरुवात केली. पाटोद्याला चहाला थांबलो. हॉटेलवाल्यानं भागवतला साहेब म्हणत खुर्ची पुसून दिली, आम्हाला ओलं बाकडं. कढईतली गरम भजी त्याच्यापुढं, आमच्यापुढं सकाळची.

सुदाम गुरुजींनी त्या हॉटेलवाल्याला चौथीला शिकवलं होतं. तरी!

*

पुढं गाडी चिखलात रुतली. ढकलायला आम्ही दोघं, भागवत स्टेअरिंगवर. चाक गरकन फिरलं आणि माझा पांढरा शर्ट काळा झाला. गाडी निघाली, तसं रस्त्यात थांबलेल्यांपैकी एकजण म्हणाला, "ड्रायव्हर हुशार हाय."

भागवतनं काच खाली करून त्याला हात केला.

*

सौताड्याला पोचलो तर दरीत नुसतं धुकं. पाण्याचा आवाज घुमत होता, दिसत काहीच नव्हतं. बराच वेळ भिजत उभे राहिलो. तेवढ्यात भागवत लघवीला म्हणून पलीकडं गेला आणि पळतच परत आला. म्हणाला, धुकं फाटलं, अख्खा धबधबा दिसला. आम्ही धावलो. तिथंही धुकंच.

नेकनूर येईपर्यंत तो वर्णन करत होता. दुधाच्या टँकरचा कॉक सोडावा तसं पाणी, मधल्या खडकावर आपटून दोन धारा, खाली इंद्रधनुष्य. गुरुजी हूं हूं करत होते. मी खिडकीबाहेर बघत होतो. जळफळाट असा झाला होता की अंगावरचा शर्ट त्यावरच वाळला असता.

घरी बायकोनं विचारलं, काय बघितलं? मी म्हणालो, अख्खा धबधबा. मग टँकर, दोन धारा, इंद्रधनुष्य, सगळं सांगून टाकलं. सकाळी तिनं ते भागवतच्या बायकोला सांगितलं.

दुपारी भागवत दुकानात आला. गुरुजी नव्हते. पोत्यावर बसला. मग जवळ सरकून हळूच म्हणाला,

"खरं सांग बे. तिथं इंद्रधनुष्य खरंच होतं?"