केतकी बदलली तेव्हा

बाळांनो, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, आत्याआजी अजून टीव्हीशी भांडतात का?" मी नुसतं "हो" म्हणाले, तेवढ्यात तुमच्याकडे कुणीतरी दार वाजवलं आणि बोलणं राहून गेलं. खरं उत्तर एका शब्दात मावणारं नाही. ज्या मालिकेशी त्या भांडायच्या ती मागच्या आठवड्यात संपली. संपलेल्या गोष्टींबद्दल माणसं फार लवकर चुकीचं सांगायला लागतात, म्हणून सगळं नीट आठवतंय तोवर क्रमाने लिहून ठेवते.

पहिलं विधान असं, की हिंगोली जिल्ह्यात टीव्ही पुष्कळ आहेत, पण टीव्हीवरच्या संसाराला आपली जबाबदारी मानणारी बाई एकच आहे, आणि ती म्हणजे तुमच्या आजोबांची थोरली बहीण. त्यांचं घर आमच्यापासून दोन दारं सोडून. त्यांच्याकडेही टीव्ही आहे, पण एकट्यानं पाहिलं तर बोलायचं कुणाशी, म्हणून संध्याकाळी सात वाजता त्या आमच्याकडे यायच्या. मालिकेला तिचं स्वतःचं लांबलचक नाव होतं, पण आमच्या गल्लीत तिला कुणी त्या नावानं ओळखत नसे. "केतकीचं लागलं का?" एवढंच. केतकी म्हणजे त्या मालिकेतली सून. केतकीचे सासरे पडद्यावर आले की आत्याआजी डोक्यावरून पदर घेत. मी एकदा म्हटलं, "अक्का, ते नट आहेत." त्यावर म्हणाल्या, "मला का कळत न्हाई व्हय, ते पगारी माणसं हायेत म्हनून? पण रोज सांजच्याला घरात येतेत. पदर घ्यायला काय पैसे पडतेत का?" केतकी उपाशी बसली तर आत्याआजी चहाला हात लावत नसत. ऐन वेळी लाईट गेली तर त्या लाईनमनला फोन करत, आणि तो लाईट लवकर आणावी म्हणून नव्हे. त्याच्या घरी दुसऱ्या लाईनवरची वीज असते हे त्यांना ठाऊक होतं. "बाबा, खांबावर सावकाश चढ, पडू नकोस. आधी एवढं सांग, केतकीनं दार उघडलं का?" आणि तो माणूसही बिचारा बायकोला विचारून सांगायचा.

औंढ्याला राहण्याचा त्यांनी जो फायदा करून घेतला तो दुसऱ्या कुणाला सुचला नसता. श्रावणात सोमवारी नागनाथाच्या दर्शनाला लांबून माणसं येतात. आत्याआजी दर्शन करून प्रसादाच्या दुकानाशी उभ्या राहत आणि ज्याच्या पायात चांगले बूट दिसतील त्याला गाठत. "मुंबईहून आलाव का? दर्शन बराबर झालं? मग एक काम करा. त्या मालिकावाल्याला सांगा, केतकीच्या सासूला तुरुंगातून एवढ्यात सोडू नका म्हनावं. लई छळलंय तिनं." एका सज्जन गृहस्थाने नम्रपणे सांगितलं, "आजी, मी बँकेत आहे." आत्याआजींना आनंदच झाला. "मग तर बरंच झालं. तुमच्याकडं सगळेच येत असतेत."

मालिका पुढेपुढे बिघडत गेली यावर आमच्या बैठकीत दुमत नव्हतं. वाद होता तो कधीपासून बिघडली यावर. बैठकीत आम्ही चौघं. मी, आत्याआजी, समोरचे निवृत्त कंडक्टरसाहेब आणि कोपऱ्यावर ब्लाउज शिवणाऱ्या बाई. कंडक्टरसाहेबांचं म्हणणं, "गाडीला शेवटचा थांबा असतो. यायनं नांदेडला उतरायचे प्यासेंजर हैदराबादला आणलेत, अन् अजून म्हनतेत बसून राहा." ब्लाउजवाल्या बाई म्हणत, "पडता काळ मी बाह्यांवरून वळखते. सुरवातीला केतकीच्या बाह्यांना अस्तर होतं. आता नुसती जाळी. ज्या घरातलं अस्तर बंद झालं, तिथं गोष्ट कुठून यायची?" माझ्या मते सासऱ्यांचा जुळा भाऊ उगवला तिथूनच घसरण सुरू झाली. मी ते मुद्देसूद मांडलं. कुणी ऐकलं नाही. आत्याआजी सगळ्यांचं ऐकून घेत आणि म्हणत, "बिघडलं म्हनून सोडता येतंय का? घर बी मधीमधी बिघडतं."

आणि मग एके दिवशी केतकीच बदलली. केतकी अंगणात तुळस खुडायला गेली आणि परत आली ती दुसरीच बाई. खालच्या पट्टीवर काहीतरी अक्षरं पळाली, ती वाचेपर्यंत पुसली गेली. नवरा वर्तमानपत्रातून मान वर करून म्हणाला, "आलीस?" आणि पुन्हा वाचायला लागला.

मग कंडक्टरसाहेब म्हणाले, "ड्यूटी बदलली असंल. ड्रायव्हर बदलला म्हनून प्यासेंजर उतरत न्हाई."

"ड्रायव्हर न्हाई, साहेब," आत्याआजी म्हणाल्या. "गाडीच बदलली अन् पाटी तीच ठेवली."

"पहिलीनं पैसे वाढवून मागितले असतेल," ब्लाउजवाल्या बाई म्हणाल्या. "ही जरा थोराड दिसते. खांदा रुंद हाय."

"खांद्याचं जाऊ द्या. लग्नात आमचं माणूस तेच ठेवतेत अन् नाव बदलतेत. इथं नाव तेच ठेवलं अन् माणूस बदललं. अन् घरातलं एक बी कसं इचारीना, की पहिली कुठं गेली?"

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी निषेध सुरू केला. येणं बंद केलं नाही, पण टीव्हीकडे पाठ करून बसू लागल्या. खुर्ची दाराकडे, कान मागे. मध्येच मला विचारत, "हसली का?"

"हसली."

"कशी?"

"बरी हसते, अक्का."

"तुमाला सगळंच बरं वाटतं, मास्तरीनबाई." मी इंग्रजी शिकवायचे म्हणून लग्न होऊन आल्यापासून मी त्यांची मास्तरीणबाई.

आम्ही सगळे हसत होतो. तो हट्ट कुठून आला होता हे मला तोपर्यंत कळलं नव्हतं.

त्यांच्या पणतीला, चिमीला, तुम्ही फोनवर पाहिलंय. दोन वेण्या घालून आत्याआजींच्या मांडीवर बसलेली असते तीच. तिची आई वर्षा, म्हणजे आत्याआजींची नातसून, तापाचं निमित्त होऊन गेली हेही तुम्हाला माहीत आहे. या वर्षी नातवाचं दुसरं लग्न ठरलं. मुलगी हट्टा गावची, नाव शीतल. स्थळ आत्याआजींनीच पाहिलं होतं. नव्या सुनेला वाईट वाटू नये म्हणून घरच्यांनी वर्षाचा फोटो भिंतीवरून काढून ठेवला आणि चिमीला सांगितलं, "तुझी आई येणार आहे." यात कुणाचाही दुष्टपणा नव्हता. लेकरानं रडू नये एवढीच सगळ्यांची इच्छा होती.

एका संध्याकाळी मालिका चालू होती, आत्याआजी पाठमोऱ्या बसल्या होत्या, आणि चिमी त्यांच्या खांद्यावरून टीव्ही पाहत होती. ती म्हणाली, "पणजी, तू काहून रुसलीस? माझी आई बी अशीच येऊन राहिली ना. तोंड बदलून."

चिमीनं जरा विचार केला. "पण तिला माझ्या वेणीचं आठवंल ना? दोन घालते ते?"

आत्याआजी वळल्या, टीव्हीकडे नुसतं पाहिलं आणि मला म्हणाल्या, "बंद करा." भाग अर्धाच झाला होता. त्यांनी टीव्ही बंद करायला सांगितल्याचं मला दुसरं उदाहरण आठवत नाही.

नंतर त्या माझ्या मागून स्वयंपाकघरात आल्या. ओट्याला टेकून, काही चिरायला नसताना विळी पुढे ओढून बसल्या. त्या दुसरेपणावर दिल्या होत्या हे मला ठाऊक होतं. वारलेल्या पहिल्या बायकोच्या नावाचा चांदीचा टाक त्यांच्या गळ्यात असतो तोही मी पाहिला होता, तसा आपल्याकडे रिवाजच आहे. पण त्यापुढचं त्यांनी मला त्या दिवशी सांगितलं. "तिचंच नाव ठेवलं मला. सासू म्हनली, पुन्हा नवं नाव कोन जिभेवर बसवत बसतंय. सासूनं हाक मारली की मी मागं वळून बघायची, दुसरं कोन आलं म्हनून. तुमचा भाचा एवढासा होता. इचारायचा, माझी माय कुठंय? घरातले माझ्याकडं बोट दाखवायचे. ही काय, हीच की. ते लेकरू माझ्या तोंडाकडं बघायचं, मास्तरीनबाई. नुसतं बघायचं. मग त्यानं इचारनंच सोडलं. कायमचं."

हा भाचा म्हणजे चिमीचे आजोबा, तुमचे ते काका, तुम्हाला आठवत असतील. साठी गाठली, सोयाबीन आणि हळदीपलीकडे कुणाशी चार वाक्यं बोलत नाहीत. मी त्यांना जन्मतःच अबोल समजत होते.

त्यानंतरचे दिवस मी काळजीत काढले आणि आत्याआजींच्या तर डोळ्याला डोळा लागला नाही. चिमीला खरं सांगायला हवं हे त्यांना पटलं होतं. पण त्यांची सूनबाई, म्हणजे चिमीची आजी, हात जोडून म्हणाली, "लग्न होऊ द्या, आत्याबाई. लेकरू रडून रडून आजारी पडंल." त्यामुळे त्या रोज ठरवत आणि रोज कच खात. चिमीला जवळ घेत, "हे बघ, चिमे" म्हणून सुरुवात करत आणि शेवटी तिच्या हातावर गुळाचा खडा ठेवत. सबंध मुंबईला निरोप धाडणारी बाई, एका लेकराला एक वाक्य सांगू शकत नव्हती. तिकडे चिमी आईसाठी बांगड्या काढून ठेवत होती. जुन्या, वर्षाच्या. त्या येणाऱ्या आईला बरोबर होतील याची चिमीला खात्री होती.

लग्न हट्ट्याला साधेपणाने झालं आणि वऱ्हाड संध्याकाळी औंढ्याला परतलं. शीतल माप ओलांडून आत आली. तांदळाचं ताट माझ्या हातात होतं. नवरा त्यात अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहितो ते ताट. कोणतं नाव लिहायचं यावर कुणी आधी बोललंच नव्हतं. नातू अंगठी धरून थांबला, तेव्हा सूनबाई हलक्या आवाजात म्हणाली, "वर्षाच लिही की. लेकराला बी सोपं, अन् रेशनकार्डाची बी तकलीफ नको." दोनचार बायकांनी माना डोलावल्या. नातवानं अंगठी तांदळाला टेकवली. चिमी बांगड्या घेऊन पुढे आली आणि शीतलच्या चेहऱ्याकडे निरखून पाहू लागली.

आत्याआजींनी ताटातल्या तांदळावर पंजा ठेवला.

"थांब रे," त्या म्हणाल्या, आणि खाली चिमीशेजारी बसल्या. त्यांना बसायला वेळ लागतो, तेवढा वेळ सगळे उभे राहिले. "चिमे, ही तुझी माय न्हाई. तुझी माय वर्षा. ती वारली. ती आता येत नसती, तोंड बदलून बी न्हाई. ही शीतल हाय. ही तुला नवी, तू हिला नवी. हिला काय म्हनायचं ते तुमी दोघी बसून ठरवा."

चिमी रडली. अपेक्षेपेक्षा मोठ्यानं रडली. सूनबाईनं कपाळाला हात लावला, आणि मला वाटलं, सगळं बिघडलं. शीतल खाली वाकली, पण तिनं पोरीला उचललं नाही. तिनं विचारलं, "तुझ्या मायचा फोटो दाव ना मला." आता फोटो कुठे ठेवलाय ते कुणाला चटकन सांगता येईना. तेव्हा तुमचे ते अबोल काका आत गेले, कपाटामागून फोटो घेऊन आले, धोतराच्या सोग्यानं काच पुसली आणि खिळ्याला लावला. मग आत्याआजींकडे पाहून म्हणाले, "माझ्या मायचा तर फोटोच न्हाई." एवढंच. आत्याआजींनी गळ्यातला टाक काढून त्यांच्या हातात दिला. ते तो तळहातावर घेऊन कितीतरी वेळ दारात उभे होते.

तांदळात नातवानं "शीतल" लिहिलं.

काही दिवसांनी आत्याआजींनी आमच्याकडची खुर्ची पुन्हा टीव्हीकडे वळवली. नव्या केतकीला त्यांनी बराच वेळ न्याहाळलं. "हिचा काय गुन्हा हाय," त्या म्हणाल्या. "हिला बी कोनी नीट सांगून आणलं नसंल." पुढे ब्लाउजवाल्या बाई खांद्यावरून बोलल्या की त्या उलट नव्या केतकीची बाजू घ्यायच्या. मालिका मात्र सुधारली नाही. मागच्या आठवड्यात सगळे जण एका चौकटीत हसत उभे राहिले आणि ती एकदम संपली. कंडक्टरसाहेब म्हणाले, "थांबा आला तवा कळलंच न्हाई." अलीकडे आत्याआजी कमी बोलतात, आणि दोन दारांचं अंतर चालायला चिमीचा खांदा धरतात. चिमी आता शीतलला शीतलमाय म्हणते. शीतलला दोन वेण्या घालता येतात, पण भांग अजून वाकडा पडतो.

मालिका गेली. सात वाजताचा चहा, चार माणसं, आणि नेमकं कुठून बिघडायला लागलं हा वाद, एवढं अजून शिल्लक आहे.