वाफ होईपर्यंत

वीज तोडायला आलेल्या वायरमनने मीटरखाली शिडी लावली. दुकान बुडाल्यावर कर्जातून सुटका मिळावी म्हणून आम्ही कोर्टात नादारीचा अर्ज केला होता. निकाल अजून यायचा होता, पण विजेची थकबाकी तोवर थांबणार नव्हती.

आत सासूबाई विजेच्या मशीनवर दम्याची वाफ घेत होत्या. "भाऊ, आईंची वाफ तेवढी होऊ द्या," मी म्हणाले. तो शिडीवरच थांबला. मशीनची घरघर ऐकत आम्ही दोघं एकमेकांकडे बघायचं टाळत होतो. कर्जात माणूस किती छोट्या गोष्टी मागायला लागतो, असं मनात आलं.

मशीन थांबलं. सासूबाई दारात आल्या. "झालं रे माझं. कर तुझं काम."

पंखा थांबला. सासूबाईंनी वायरमनला पाणी दिलं. मागताना वाकलेली माझी मान तेव्हा कुठे वर झाली.